कर्शॉची सहावी इनिंग

अमेरिकेच्या ट्रिपमध्ये ग्रँड कॅनियन झालं, वेगास झालं, सगळं छान होतं आणि त्याबद्दल सगळ्यांनी लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते 2 जुलै 2025 च्या रात्रीबद्दल. लॉस एंजेलिसला भाच्याने डॉजर्स विरुद्ध शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल मॅचची तिकिटं काढली, कारण डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ पिचिंग (आपल्याकडची बोलिंग) करणार होता आणि कारकिर्दीतल्या 3000 स्ट्राइकआउट्सना (तीन स्ट्राइक, म्हणजे तीन चांगले बॉल हुकले किंवा सोडले, की बॅटर आउट) त्याला फक्त 3 कमी होते.

युनियन स्टेशनवरून स्टेडियमची बस, तिकीट दाखवलं की फुकट. सीट्स पार वरच्या मजल्यावर, पण समोर डोंगर आणि मावळतीचं ऊन, त्यामुळे काही तक्रार नाही.

खरं सांगायचं तर पिचिंग काही भारी चाललं नव्हतं. वय 37, मागच्या नोव्हेंबरात पायाचं आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, फास्टबॉल ताशी 143-144 किलोमीटरच्या आसपास, आणि आजकालची पोरं 160 ने टाकतात! व्हाइट सॉक्सवाले बिनधास्त मारत होते. पाच इनिंग (मॅचमध्ये नऊ असतात) संपल्या तेव्हा त्याचे 92 बॉल टाकून झालेले आणि स्ट्राइकआउट दोनच. एवढ्या बॉलनंतर मॅनेजर पिचर बदलतातच, म्हणून सगळे डगआउटकडे डोळे लावून बसलेले, आणि कर्शॉची 22 नंबरची जर्सी परत बाहेर आली तेव्हा जो आवाज झाला ना, अंगावर काटा आला. डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी त्याला सहावी इनिंग दिली हे मला फार आवडलं.

आता दोन स्ट्राइक झाले रे झाले की अख्खं स्टेडियम उभं. आणि मधेच थर्ड बेसवर (धावण्याचा तिसरा टप्पा) राडा झाला, चोरून धावत आलेला व्हाइट सॉक्सचा टेलर घसरत थेट डॉजर्सच्या मॅक्स मन्सीच्या गुडघ्यावर आदळला. टेलर आउट झाला पण मन्सी उठेना, त्याला धरून बाहेर नेलं, आणि एवढ्या हजारो माणसांत चिडीचूप. अशा वेळी परत जाऊन बॉल टाकायचा म्हणजे काय असेल!

समोर व्हाइट सॉक्सचा बॅटर विनी काप्रा. कर्शॉचा शंभरावा बॉल, स्लायडर (बाजूला वळणारा बॉल), बाहेरच्या कोपऱ्यावर, आणि काप्राने बॅटच हलवली नाही. आपल्याकडे बॅट्समन बॉल सोडून देतो आणि दांडी उडते, अगदी तसं. शेजारचे आजोबा पहिल्या बॉलपासून पेन्सिलने स्कोअरकार्ड भरत होते, त्यांनी त्या चौकोनात के, म्हणजे स्ट्राइकआउटची खूण, उलटा काढला (बॅट न फिरवता आउट झाला की तसा काढतात), दोनदा गिरवला आणि मग भाच्याला मिठी मारली, ओळख ना पाळख!

6 इनिंग, त्याच्या बॉलिंगवर 9 हिट्स, 4 रन. आकडे साधेच. पण 3000 गाठणारा तो इतिहासातला फक्त विसावा पिचर, आणि सगळे एकाच टीमकडून म्हटलं तर वॉल्टर जॉन्सन, बॉब गिब्सन आणि हा. ऐन भरातल्या कर्शॉला मी बघितलं नाही याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, थकलेल्या खांद्याने तो शेवटचा बॉल नेमक्या जागी टाकताना बघितला हेच मला जास्त मोलाचं वाटतं.

राग आला तो पब्लिकचा. विक्रम झाला, फोटो झाले, आणि टीम 4-2 ने मागे असताना लोक ट्रॅफिकच्या भीतीने उठून चालले! अरे ज्याच्यासाठी आलात त्याची मॅच हरतेय ना? नवव्या इनिंगमध्ये डॉजर्सनी 3 रन काढले, फ्रेडी फ्रीमनने हिट मारून 5-4 ने जिंकवलं, आणि आमच्या पुढच्या रांगेत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बसला लाइन लागली ती लागलीच, पण जाणार असाल तर शेवटपर्यंत थांबा.