ड्राय बाल्कनीतला टूल पोस्ट

आमच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या जागी लेथ आहे, म्हणजे बार गरगर फिरवत ठेवून धारदार टूलने कापायचं यंत्र. सात बाय चौदा इंचांचं, चाळीसेक किलोचं छोटं लेथ. वॉशिंग मशीन बाथरूममध्ये गेलं आणि त्यावरून घरात जे व्हायचं ते होऊन गेलं. या लेथवर मी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, शाईपेनं करते, स्वतःसाठी आणि मागे लागलेल्या दोन-चार मैत्रिणींसाठी.

पेन दिसायला साधं असतं, पण टूल सतत बदलावं लागतं. आधी फेसिंग म्हणजे तोंड सपाट करणं, मग बाहेरून टर्निंग म्हणजे जाडी उतरवणं, टोपणात आतून बोरिंग म्हणजे भोक मोठं करणं, आट्यांच्या मागे खाच, शेवटी पार्टिंग म्हणजे तुकडा कापून वेगळा करणं. हे सगळं टोपणाला एकदा, बॅरलला एकदा. लेथबरोबर आलेला टूल पोस्ट, म्हणजे टूल धरून ठेवणारा ठोकळा, चौकोनी होता, चार बाजूंना चार टूलं धरणारा. त्यात टूलचं टोक बरोब्बर सेंटरला, म्हणजे फिरणाऱ्या बारच्या मध्याच्या उंचीला, यायला खाली पातळ पट्ट्यांचं पॅकिंग घालावं लागतं. माझे मामा चिंचवडला बत्तीस वर्षं टर्नर होते. त्यांनी मला पॅकिंग शिकवलं ते हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडांवर: दाते ग्राइंडरवर उडवायचे, तुकडे करायचे, बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. टूलला धार लावली की टोक जरा खाली जातं, की पुन्हा डबा उघडा. माझा निम्मा रविवार त्या डब्यात जायचा.

म्हणून क्विक चेंज टूल पोस्ट घेतला. यात प्रत्येक टूल आपापल्या होल्डरमध्ये एकदाच उंची लावून बसवायचं, मग नुसता होल्डर बदलायचा. मिनी लेथला बसणारा ओएक्सए मापाचा, आणि आवर्जून वेजवाला, म्हणजे पाचरीचा. पिस्टनवाल्यात हँडल फिरवलं की एक दांडा बाहेर येऊन होल्डरला पोस्टपासून लांब ढकलतो आणि तेवढ्यावर तो डव्हटेलमध्ये, म्हणजे तिरप्या कडांच्या खाचेत, आवळला जातो. वेजवाल्यात आतली पाचर सरकते आणि होल्डरला पोस्टच्या अंगाशी ओढून घेते. दोन सपाट पृष्ठं एकमेकांना चिकटतात, ते मला जास्त पटलं.

"पॅकिंग लावायचा कंटाळा आला म्हणून एवढे पैसे घातलेस?" मामा म्हणाले.

"हो मामा."

"मग ठीक आहे."

बसवताना पहिलाच घोळ झाला. माझ्या कंपाउंडवरचा, म्हणजे पोस्ट ज्यावर बसतो त्या सरकत्या स्लाइडवरचा, स्टड (उभा बोल्ट) दहा मिलिमीटरचा, नव्या पोस्टचं भोक त्याहून चांगलंच मोठं. मधे पितळेचा बुश, म्हणजे फट भरणारी नळी, हवा. जुना पोस्ट उत्साहाने काढून, पुसून, कागदात गुंडाळून ठेवल्यावर लक्षात आलं की बुश करायलाही टूल पोस्ट लागतोच. गुपचूप परत बसवला.

बुश झाला तरी नवा पोस्ट डुगडुगत होता. कंपाउंडवर मार्करने निळं फासलं, पोस्ट ठेवून थोडा फिरवला. निळं पुसलं गेलं ते फक्त स्टडभोवतीच्या बारीक कड्यावर. स्टड आवळून आवळून तिथलं लोखंड वर उचललं गेलं होतं. ऑइल स्टोनने हळूहळू ते कडं घासून सपाट केलं, आणि डुगडुग थांबली. नवा पोस्ट घेणाऱ्याने आधी हे बघावं, नाहीतर चॅटर, म्हणजे कापताना थरथर, आला की उगाच टूलला शिव्या बसतात.

मग महिनाभर मजेत गेला. होल्डर अडकवा, हँडल ओढा, सुरू. आणि एके दिवशी टोपणाच्या रिंगसाठी पितळेचा बार फेस करताना मधोमध मोहरीएवढं बोंड राहिलं. बोंड राहिलं म्हणजे टूल सेंटरला नाही. जुनी युक्ती केली: चक (बार धरून फिरवणारा जबडा) बंद ठेवून बार आणि टूलचं टोक यांच्यात स्टीलची पट्टी हलकेच धरली. पट्टीचं वरचं टोक माझ्यापासून लांब झुकलं, म्हणजे टूल वर. आपल्याकडे झुकलं असतं तर टूल खाली. मी होल्डरवरचं लॉक नट सैल केलं, खालचं गोल दातेरी नट फिरवून उंची उतरवली, बोंड गेलं. तासाभराने तोच होल्डर परत लावला, पुन्हा बोंड. आता पट्टी माझ्याकडे झुकत होती!

असं तीनदा झालं. चौथ्यांदा चष्मा लावून पाहिलं तेव्हा पोस्टच्या डोक्यावर, ते दातेरी नट जिथे टेकतं तिथेच, सुईसारखी पितळेची चिप पडली होती. ती नटाखाली असली की होल्डर वर, उडाली की खाली. मी बिचाऱ्या नटाला पिळत बसले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तेव्हापासून जुना टूथब्रश हँडलशेजारीच लटकवला आहे. होल्डर काढला की डव्हटेल आणि पोस्टचा माथा झाडायचा, मगच पुढचा होल्डर. उंची एकदा जमली की लॉक नट आणि दातेरी नट यांच्यावरून लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढते. रेघ तुटलेली दिसली की नट हललं. मामांनी ती रेघ बघितली, काही बोलले नाहीत, पण बोट फिरवून बघितली.

एबोनाइटचा त्रास वेगळा. ते रबर आणि गंधकाचं, कापताना गंधकाचा वास घरभर होतो आणि त्याची काळी पूड सगळीकडे शिरते. तेलात मिसळली की काळं लोणी. आवळताना हँडल नेहमीपेक्षा पुढे जायला लागलं तेव्हा पोस्ट उघडला. वरचं नट, हँडल, आतला स्क्रू, मग पाचरी सरकवून बाहेर. आत माझी पूड होतीच, पण खाली मुळातल्या ग्रीसमध्ये करकरीत वाळूसारखं काहीतरी होतं. ग्राइंडिंगची भुकटी असावी. म्हणजे नवा असतानाच एकदा उघडून धुवायला हवा होता. डिझेलने धुतला, पाचरींच्या कडांचा बर, म्हणजे वर आलेली धारदार कड, ऑइल स्टोनने काढला, आणि ग्रीसऐवजी शिवणयंत्राच्या तेलाचं नुसतं बोट फिरवलं. फक्त एकाच होल्डरला हँडल पुढे जात असेल, तर मात्र पोस्ट खोलू नका, त्या होल्डरचं डव्हटेल बघा. आणि हँडलला पाइप घालून आवळू नका.

होल्डरमधले टूल आवळणारे बिनडोक्याचे ग्रब स्क्रू मऊ निघाले. टोकं फुगून आट्यांत अडकायला लागली. पुण्याच्या बोहरी आळीतून १२.९ ग्रेडचे, जास्त कडक, आणले, मूठभर.

आता तक्रार. या पोस्टमुळे टूल कंपाउंडच्या बाहेर जास्त लोंबतं, जुन्या चौकोनी पोस्टपेक्षा नक्कीच जास्त. टर्निंगला चालतं, पार्टिंगला लेथ किंचाळतं. पार्टिंगचं पातं आखूड धरलं, कंपाउंडच्या गिब, म्हणजे स्लाइडची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या, आवळल्या, तरी मोठ्या बारला धीर होत नाही. मग मी लेथ बंद करते, बार चकमध्येच ठेवून हॅक्सॉने कापते आणि तोंड फेस करून घेते. घाईत ब्लेडं तुटतात. तुकडे मामांच्या डब्यात जातात.