मायएसक्यूएलमधून पत्त्यांची टेक्स्ट फाइल काढताना गेलेले पाच दिवस

आमच्या मासिकाच्या दिवाळी अंकासाठी वर्गणीदारांचे पत्ते छापखान्यात द्यायचे होते. साडेतीन हजार पत्ते, सगळे सर्व्हरवरच्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. नारायण पेठेतल्या छापखान्याचे काका म्हणाले, "एक्सेल नको, साधी टेक्स्ट फाइल द्या. सोमवारी दिलीत तर बुधवारी लेबलं घेऊन जा." क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून हवी ती माहिती मागणारी आज्ञा, दहा मिनिटांत लिहून झाली.

बुधवारी दुपारी मी क्वेरीतल्या 'सिलेक्ट'ला 'इनटू आउटफाइल' (उत्तर थेट फाइलमध्ये लिही) जोडलं आणि १०४५ ची एरर आली, प्रवेश नाकारला. आमच्या डेटाबेसवर मला सगळे अधिकार आहेत, पण इथे 'फाइल' नावाचा वेगळा अधिकार लागतो आणि तो एका डेटाबेसपुरता देताच येत नाही, अख्ख्या सर्व्हरवर द्यावा लागतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीला मेल केली. उत्तर आलं, "आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे." गुरुवारीही तेच. फोन केला की दर वेळी नवा माणूस, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. शुक्रवारी संध्याकाळी एकदाचा अधिकार मिळाला.

शनिवारी क्वेरी चालवली तर १२९०, 'सिक्युअर फाइल प्रिव्ह'. म्हणजे सर्व्हर ठरलेल्या एकाच फोल्डरमध्ये फाइल लिहू देतो. हे सेटिंग सर्व्हर रीस्टार्ट केल्याशिवाय बदलत नाही. ते फोल्डर कोणतं, हे 'शो व्हेरिएबल्स'ने दिसतं. तो मार्ग घातला आणि क्वेरी ओके झाली. पण फाइल माझ्या लॅपटॉपवर नव्हतीच! आउटफाइल नेहमी सर्व्हरच्या डिस्कवर लिहिली जाते, आणि त्या सर्व्हरमध्ये शिरून ती कॉपी करून आणायची मला परवानगी नव्हती. परत चालवली तर १०८६, त्या नावाची फाइल आधीच आहे. जुन्या फाइलवर ते लिहीत नाही, दर वेळी नवं नाव द्यावं लागतं.

इतक्या दिवसांत तीन माणसांशी बोलले. "तुम्हाला फाइल कुठे हवी आहे?" एवढं एकानेही विचारलं नाही, याचा मला अजून राग आहे.

सोमवारी सकाळी कोथरूडच्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, सर्व्हरला लिहायला लावूच नकोस. तुझ्या लॅपटॉपवर क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम, आहे ना? त्याचं उत्तर फाइलमध्ये वळव." मायएसक्यूएल कमांडला डॅश-ई, मग अवतरणात क्वेरी, डेटाबेसचं नाव, मोठेपणाचं चिन्ह (>) आणि फाइलचं नाव. फाइल अधिकार नको, फोल्डर नको. दोन सेकंदांत फाइल माझ्या डेस्कटॉपवर, रकान्यांमध्ये टॅब. डॅश-मोठा एन दिला तर वरची रकान्यांची नावंही येत नाहीत.

उघडून बघितली तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. सर्व्हरशी जोडणी लॅटिन-१ या अक्षरसंचात होत होती, त्यात मराठी अक्षरं नाहीत. कमांडला डिफॉल्ट कॅरेक्टर सेट (अक्षरसंच) यूटीएफ-८-एमबी-४ दिला आणि नावं नीट आली.

फाइल पाठवण्याआधी नोटपॅडमध्ये चाळाच. मला सापडलेल्या गोष्टी: पत्त्याची दुसरी ओळ रिकामी असेल तिथे 'नल' हा शब्द आला होता, तो तसाच लेबलवर छापला गेला असता. क्वेरीत 'इफनल' लावून रिकामं केलं. काहींनी पत्ता लिहिताना मध्येच एंटर मारलेलं असतं, तिथे बॅकस्लॅश आणि एन दिसतं. 'रिप्लेस'ने त्याजागी स्वल्पविराम घातला. आणि आपल्याकडे पिनकोड पूर्ण कोण लिहितं? कितीतरी पत्ते नुसत्या 'पुणे ३०' वर संपत होते. ते ४११०३० करून घेतले.

ही फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. घर क्रमांक ३/१२ ची तिथे तारीख होते.

साडेपाचला पेनड्राइव्ह घेऊन छापखान्यात पोचले. काकांनी फाइल उघडली, चष्मा वर केला आणि पहिले चार पत्ते मोठ्याने वाचले. "हं, चालेल." बुधवारी लेबलं हातात होती.

तो फाइल अधिकार आता काढून घ्या, असं मी कंपनीला कळवलं आहे, कारण त्याने सर्व्हरवरच्या फाइली वाचताही येतात आणि मला त्याची गरज नाही. ती विनंतीही संबंधित विभागाकडे पाठवली आहे.