जुनी वॅगन परवडते का? तुम्ही विचारलेत म्हणून

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरासमोर उभी असलेली लांबट गाडी पाहून नातेवाईक, शेजारी आणि मुलीच्या मैत्रिणींचे पालक मला एकच प्रश्न विचारतात: एवढ्या जुन्या गाडीची दुरुस्ती परवडते का, आणि अशीच एखादी स्वस्तात मिळत असेल तर आम्ही घ्यावी का? उभ्या उभ्या दिलेले उत्तर दर वेळी अपुरे राहते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमची गाडी २००७ सालची, डिझेलवर चालणारी स्टेशन वॅगन, म्हणजे छत मागच्या दारापर्यंत नेलेली आणि सामानाला मोठी जागा असलेली गाडी आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही. विकणारा तुम्हाला किलोमीटर सांगेल. तुम्ही वर्षे मोजा. घरची गाडी शाळा, बाजार आणि वर्षातून दोनदा पुणे एवढीच धावते, त्यामुळे काट्यावरचा आकडा लहान राहतो आणि पाहणाऱ्याला भुलवतो. परंतु रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप, इंजिनखालची माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, दारांची रबरे आणि टायर हे गाडी कमी चालली तरी वयानेही खराब होतात. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा रबरी पट्टा, बदलण्याची मुदतही म्हणूनच किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्हींत दिलेली असते आणि जी आधी संपेल ती पाळायची असते. अनेक इंजिनांत हा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग सहा हजारांच्या कामाचे साठ हजार होतात.

आम्ही ही गोष्ट शिकलो ती २०१६ च्या मे महिन्यात. पुण्याहून परत येताना माळव्यात पोहोचण्यासाठी दोन चढ चढावे लागतात: आधी सातपुड्यातला बिजासन घाट आणि खलघाटला नर्मदा ओलांडल्यावर विंध्यातला मानपूरचा घाट. दुपारची वेळ, गाडीत सहा माणसे, मागे आंब्यांच्या पेट्या आणि एसी चालू, अशा अवस्थेत बिजासनच्या अर्ध्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. घाटमाथा जवळ आला आहे, सेंधव्याला पोहोचून पाहू, असे आम्ही ठरवले. तो निर्णय चुकीचा होता. काटा वर जाताच एसी बंद करून सुरक्षित जागी थांबायचे, इंजिन बंद करायचे आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत कूलंटच्या टोपीला हात लावायचा नाही, हे आज आमच्या घरातल्या लहानांनाही पाठ आहे. त्या दिवशी नऊ वर्षांचा एक पाइप जोडापाशी चिरला होता आणि कूलंट रस्त्यावर सांडत होते. कूलंट दाबाखाली असते तोवर ते शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. गळती लागून दाब गेला की ते उकळू लागते आणि जिथे वाफ साठते तिथला धातू थंड होत नाही. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे हेड, खालच्या ओतीव लोखंडी ब्लॉकपेक्षा अधिक प्रसरण पावते, तापून वाकते आणि दोन्हींमधली फट बंद ठेवणारे गॅस्केट जाते. सेंधव्याला पोहोचेपर्यंत सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता आणि कूलंट मिसळून ऑइल दुधाळ झाले होते. सुमारे दीडशे किलोमीटर गाडी ओढून आणण्याचे सात हजार आणि हेड फेसिंग (वाकलेले हेड घासून सपाट करणे), गॅस्केट, रेडिएटर व मजुरी मिळून एकतीस हजार रुपये लागले. मूळ पाइपाची किंमत साडेचारशे रुपये होती.

दोष एकट्या पाइपाचाही नव्हता. पातळी कमी दिसली की आम्ही वर्षानुवर्षे अंगणातल्या बोअरचे पाणी ओतत होतो. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. बादलीला क्षार धरतात तसेच ते रेडिएटरच्या नळ्यांतही धरतात. आता दर दोन वर्षांनी कूलंट बदलून घेतो आणि ते मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरतो.

वॅगनचा म्हणून जो वेगळा त्रास आहे तो मागच्या अर्ध्या भागाचा, आणि त्याकडे घेणाऱ्याचे लक्ष क्वचितच जाते. आपल्याकडे वॅगन फारशा खपल्या नाहीत. टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली, पुढे बलेनो अल्टुरा आणि आणखी काही आल्या व बंद झाल्या. बहुतेक वॅगनचा पुढचा भाग त्याच कंपनीच्या सेडानचाच (वेगळी डिकी असलेल्या गाडीचा) असल्यामुळे क्लच, ब्रेक पॅड, अल्टरनेटर हे सारे मिळत राहते. क्लच सेटला आम्हाला मजुरीसह साडेनऊ हजार लागले आणि सामान त्याच दिवशी मिळाले. याउलट मागचा उजवा दिवा फुटला तेव्हा तो भंगारातून मिळवायला चार महिने लागले. मागच्या दाराला उचलून धरणारे गॅसचे शॉकर थकतात आणि दार अवचित डोक्यावर येते. दार हजारो वेळा उघडून मिटल्याने बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी आतल्या आत तुटतात. मग कधी मागचा वायपर बंद, कधी नंबरप्लेटचा दिवा. इलेक्ट्रिशियनने आधी स्विच बदलला, मग मोटर, आणि शेवटी दीड हजारात वायरी जोडल्यावर काम झाले.

माझ्या वहीत दहा वर्षांचा हिशोब आहे. डिझेल आणि विमा सोडून वर्षाला सरासरी चोवीस हजार रुपये पडले, मात्र ते समान हप्त्यांनी आले नाहीत: एका वर्षी सहा हजारांत भागले, तर दुसऱ्या वर्षी टायर, शॉकर आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर एकत्र आल्याने अठ्ठावन्न हजार गेले. ज्यांना अचानक पन्नास हजार काढणे जड जाईल त्यांनी ही गाडी घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० आहे. आम्ही २०२२ मध्ये ५,००० भरले आणि २०२७ साठी पैसे बाजूला ठेवले आहेत, कारण सासूबाईंची चाकाची खुर्ची घडी न घालता, उभी सरकवून ठेवता येईल अशी दुसरी गाडी आमच्या ऐपतीत नाही.

तुम्ही घ्यायचीच ठरवली असेल, तर पाहायला सकाळी लवकर जा आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असे विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी ते आतून तापवणारे हीटर प्लग काम करतात की नाही ते कळेल. थंड इंजिनाची टोपी उघडून कूलंट गंजकट आहे का ते पाहा, पाइप बोटांनी दाबून पाहा, आणि सर्वांत शेवटी मागचा गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. तिथे ओल किंवा गंज लागला, तर दाराचे रबर कित्येक पावसाळ्यांपूर्वीच गेले आहे असे समजा आणि किंमत त्या हिशोबाने ठरवा.