अहवाल कपाटात, किल्ली साहेबांकडे : जनसुनावणीचा माझा अनुभव

आधी एक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. हरकत लेखी द्या, दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक पडल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

माझं माहेर खाडीकाठचं. गावाच्या खालच्या अंगाला एक जुनी जेट्टी आहे. तिथे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्या, येतात त्या भरती साधून. ओहोटीला पात्रात मधोमध रेव उघडी पडते. आता जेट्टी वाढवायची आणि समुद्रापर्यंतचा नौकामार्ग खोल-रुंद करायचा, म्हणजे मोठ्या बार्ज भांगाच्या, भरती कमी चढते त्या, दिवसांतही आत येतील, असा प्रकल्प आला. चुलतभावाने पेपरातल्या जनसुनावणीच्या नोटिशीचा फोटो पाठवला, खाली एकच ओळ : "ताई, हे काय आहे बघ." तो डोल लावतो, म्हणजे पाण्याच्या ओढीत खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं मासळीचं जाळं. त्याचे खुंट नेमके त्या मार्गाच्या कडेला.

पर्यावरण मंजुरीच्या 14 सप्टेंबर 2006च्या अधिसूचनेप्रमाणे अशा सुनावणीआधी किमान 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्या काळात पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत अशा ठिकाणी लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. 30 दिवस म्हणजे भरपूर, असं मलाही वाटलं होतं. त्यातले 17 दिवस एका लोखंडी कपाटापुढे गेले.

कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या दिवशी तिथल्या भाऊसाहेबांनी हसतमुखाने मराठी सारांश हातात ठेवला. "सगळं आहे यात मॅडम, घरी नेऊन वाचा." वाचला. रोजगार, झाडं लावणार, रस्त्यावरचे ट्रक कमी होणार, गाळ काढल्याने पाणी गढूळ होईल पण तेवढ्यापुरतं. किती घनमीटर गाळ काढणार आणि तो नेऊन टाकणार कुठे, एवढंच नव्हतं. ते मूळ अहवालात. मूळ अहवाल कपाटात. कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब फिरतीवर.

दुसऱ्या खेपेला साहेब होते, किल्ली होती, पण "ज्यांच्याकडे हा विषय आहे" ते रजेवर. कपाट उघडायला विषय कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. अजून गोडीत होते. तिसऱ्या खेपेला अहवाल मिळाला, इंग्रजीत, पण फक्त पहिला खंड. परिशिष्टं दुसऱ्यात, आणि दुसरा "वरच्या ऑफिसला गेलाय". फोटो काढू देईनात. मी एसटीतून उतरून दोन तास उभ्याने वहीत आकडे उतरवले, आणि ते करताना लक्षात आलं की जे हवं ते यात नाहीच. खोलीचे नकाशे, गाळाच्या नमुन्यांचे तक्ते, गाळ टाकण्याची जागा, प्रत्येक ठिकाणी 'परिशिष्ट पाहावे'.

चौथ्यांदा गेले तेव्हा सल्ला मिळाला, "माहितीच्या अधिकारात टाका ना." माहितीच्या अधिकारात उत्तराची मुदत 30 दिवस! सुनावणीला उरले होते 15. मला तिथेच हसू फुटलं, आणि ते भाऊसाहेबांना आवडलं नाही.

पाचव्यांदा मात्र तयारीने गेले. अधिसूचनेचं सुनावणीच्या पद्धतीचं परिशिष्ट छापून नेलं, अहवाल उपलब्ध ठेवायची ओळ पेनाने अधोरेखित केली आणि म्हटलं, "भाऊसाहेब, तुमची अडचण मला कळते. फक्त 'दुसरा खंड येथे पाहण्यास उपलब्ध नाही' एवढं या कागदावर लिहून सही करा, मी जाते." ते आत गेले. दहा मिनिटांत दुसरा खंड आला. कुठून? त्याच कपाटातून, पंख्याच्या खोक्याखालून. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. चार खेपांचं एसटीचं भाडं आणि चार अर्ध्या रजा त्या खोक्याखाली होत्या.

हे पहिल्याच दिवशी करा. आवाज चढवू नका. नकार लेखी मागा.

आता अहवालाच्या परिशिष्टात काय शोधायचं ते. घनमीटर हा शब्द डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी हिशेब मांडला : 1 किलोमीटर लांब, 100 मीटर रुंद मार्ग 2 मीटर खोल केला की 2 लाख घनमीटर गाळ. 10 घनमीटरचा डंपर धरला तर 20 हजार खेपा. हे एका किलोमीटरचं. शिवाय चिखलाची कड सरळ उभी राहत नाही, घसरते, म्हणून वरची रुंदी कागदावरच्यापेक्षा वाढते आणि खाजण (भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली येणारी जमीन), कांदळवन त्या उताराच्या जवळ येतं. बारीक गाळाला जड धातू चिकटून बसतात, तेव्हा नमुने कुठे आणि किती खोलीवर घेतले तेही बघा.

दुसरं, पाण्याची-गाळाची मोजणी कधी केली. नियमाप्रमाणे एका हंगामाची, तीही पावसाळा सोडून, चालते. कोकणातल्या नदीत गाळ येतो कधी? पावसाळ्यात! खोल केलेला पट्टा म्हणजे सापळाच. तिथे पाणी मंदावतं आणि गाळ बसतो. मग तो काढत राहायचा. त्याचा खर्च कोण करणार? डिझेलची बचत तक्त्यात छान मांडली होती, आणि ती खोटी नाही; त्या ट्रकांनी आमच्या रस्त्याची चाळण केली आहे. पण बार्जच्या लाटांनी बाहेरकाठा, म्हणजे खारं पाणी अडवणारा शेताचा बांध, फुटला तर बांधणार कोण, याला रकाना नव्हता. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते धुऊन निघेपर्यंत भात धड येत नाही.

आणि हे सगळं आत्ताच विचारायचं. कारण देखभालीचा उपसा मूळ प्रस्तावात आणि त्याच्या व्यवस्थापन आराखड्यात धरलेला असला, की त्याला पुन्हा मंजुरी लागत नाही. म्हणजे पुन्हा सुनावणीही नाही.

सुनावणी मांडवात झाली, अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष, व्हिडिओ चालू. गणपूर्ती लागत नाही, तेव्हा माणसं कमी आहेत म्हणून पुढे ढकलतील या भरवशावर उशिरा जाऊ नका. भाऊ दोनच वाक्यं बोलला : "पाण्याची ओढ मधल्या खोल मार्गात गेली तर माझ्या डोलीत काय येणार? चिखल?" अहवाल करणारे सल्लागार म्हणाले, नोंद घेतली आहे.

मग खुर्च्या वाजू लागल्या. मी उठून म्हटलं, इतिवृत्त वाचून दाखवायचं असतं, मराठीत, इथेच. वाचलं. त्यात भावाच्या नावापुढे होतं, "मच्छीमारांनी रोजगाराची मागणी केली." मांडवात एकदम गलका. ते खोडून त्याचे शब्द लिहायला लावले, पुन्हा वाचून घेतले, मग सही झाली. मला स्वतःचा इतका अभिमान बऱ्याच वर्षांत वाटला नव्हता.

मंजुरीचं अजून काही कळलेलं नाही. गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. पावसाचा आवाज इतका होता की दोनदा विचारावं लागलं. म्हणाला, ताई, सर्व्हेची होडी परत आलीय, खोली मोजतायत.