आमची वाटचाल: बिनगव्हाचा बर्गर, तोही इंदूरात

आम्ही दोघी जावा, राजेंद्रनगरात घरूनच दिवाळीचा फराळ, उपासाचे चिवडे आणि थालीपिठाची भाजणी विकायचो. बर्गर वगैरे आमच्या डोक्यातच नव्हतं. मग धाकट्या जावेच्या मुलाला सिलिअ‍ॅक निघालं. म्हणजे गहू, जव, राय (मोहरी नव्हे, rye) या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की आतड्याचं अस्तरच खराब होतं, आणि यावर औषध नाही, पथ्य तेवढं आहे, तेही जन्मभर.

तसं खाण्याचे हाल नाहीत हो. पोहे इंदूरात सकाळ-संध्याकाळ मिळतात, भाकरी आहे, भुट्ट्याचा कीस आहे, उपासाचं साबुदाणा, मोरधन म्हणजे भगर, राजगिरा सगळं चालतं. पण पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं, मित्र छप्पन दुकानला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बर्गर चापणार आणि हा कपातलं आइस्क्रीम घेऊन बसणार, कपातलं कारण कोनही गव्हाचाच. मग आम्ही सगळीकडे शोधलं. फ्रोझन टिक्की बघावी तर ब्रेडक्रम्स नाहीतर मैद्याचा घोळ, आणि ते मटणासारखं लागणारं व्हेज प्रकरण असतं ना, त्यातल्या कितीतरींना तो चिवटपणा गव्हाच्या ग्लुटेननेच येतो. एका कॅफेने ग्लुटेन फ्री म्हणून लेट्यूसच्या पानात गुंडाळून दिला, टिक्की मात्र समोशाच्याच कढईत तळलेली. पुढचे दोन दिवस पोराचं पोट दुखत होतं.

शेवटी जाऊ म्हणाली, ताई आपणच करू.

टिक्की लवकर जमली. इंदूर तर सोयाबीनचंच गाव, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थासुद्धा इथेच आहे, त्यामुळे सोयावडी घेतली, सोबत राजमा, बटाटा, थोडं बीट. वडी भिजवून अगदी पिळपिळून घ्यायची, नाहीतर तव्यावर पाणी सुटून टिक्की फुटते. ब्रेडक्रम्सच्या जागी उज्जैनचे पोहे कोरडे भाजून जाडसर दळले, आत बांधायलाही तेच आणि वर कुरकुरीतपणाला पण तेच. याहून इंदुरी काय असणार!

खरी डोकेदुखी लपलेल्या गव्हाची. डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो हे किती जणांना माहीत असतं? सोया सॉसमध्येही साधारण गहू असतोच. आणि चक्की! ज्वारी तुम्ही कितीही निवडून न्या, आधीच्या माणसाचा गहू त्याच जात्यात अडकलेला असतो. म्हणून घरघंटी घेतली, त्यात गव्हाचा दाणा जात नाही. शंकरपाळे, करंज्या कायमच्या बंद केल्या, जुनी गिऱ्हाइकं रुसली, काही तुटलीही, पण एकाच ओट्यावर मैदा लाटून शेजारी ग्लुटेन फ्री लिहायचं हे मला तरी पटत नाही.

बनने मात्र घाम काढला. ग्लुटेन नाही म्हणजे पीठ ताणलं जात नाही, यीस्टचा गॅस धरून ठेवायला काहीच नाही, बन एकतर दगड व्हायचे नाहीतर हातात घेताच भुगा. इसबगोलने तारलं. पाण्यात फुगून त्याचं जेल होतं तेच गॅस धरतं. तांदूळ, थोडी ज्वारी, साबुदाण्याचं पीठ आणि इसबगोल, पण हे कणकेसारखं मळायचं नाही, इडलीच्या पिठाहून थोडं घट्ट ठेवून सरळ रिंगमध्ये ओतायचं, आणि भट्टीतून काढल्यावर पूर्ण गार होईपर्यंत कापायचं नाही, गरम कापलं की आत चिकट लागतं.

विकायचं म्हटल्यावर लॅब आली. एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी संस्था, तिच्या नियमाने ग्लुटेन फ्री लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नको. लॅबची फी ऐकून सासरे म्हणाले, एवढ्यात गावजेवण होईल. होईल, पण टेस्ट केल्याशिवाय पाकिटावर छापणार कसं?

आता टिक्की आणि बन दोन्ही फ्रोझन देतो, ऑर्डर आदल्या दिवशी द्यावी लागते. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, स्टॉल लावा म्हणून बरेच जण मागे लागतात, पण तिथे शेजारी मैदा उडत असतो, त्यामुळे नाहीच. बन फ्रीजमध्ये कडक होतो, झाकण ठेवून तव्यावर वाफ दिली की मऊ पडतो. घरात सिलिअ‍ॅकचं कोणी असेल तर तवा मात्र वेगळा हवा, ज्यावर पोळ्या होतात तो नाही. तो नसेल तर आमचं पाकीट घेऊच नका असं मी फोनवर सरळ सांगते, आणि मग जाऊबाई माझ्याकडे डोळे वटारून बघतात.