एकाच डब्यात ब्रिज आणि राउटर

घरातल्या राउटरमध्ये दोन वेगळी कामं चालतात. लॅन (घरातलं नेटवर्क) पोर्ट आणि वायफाय सहसा एकाच ब्रिजवर, म्हणजे एकाच नेटवर्कमधली उपकरणं जोडणाऱ्या भागावर, असतात. तिथे फ्रेम (डेटाचा तुकडा) फक्त मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क हार्डवेअरचा पत्ता, पाहून पुढे जाते. म्हणून फोनवरून प्रिंटरला पाठवलेलं पान राउटिंगपर्यंत, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पाठवण्याच्या कामापर्यंत, पोचतच नाही. आयपी पत्ता १९२.१६८.१.०/२४ च्या (घरच्या नेटवर्कच्या, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या) बाहेरचा असला, की मगच फ्रेम राउटरच्या मॅकवर येते, आयपी तपासला जातो, टीटीएल (पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) एकने घटतो आणि नॅट होऊन (घरातल्या आयपीच्या जागी राउटरचा बाहेरचा आयपी लागून) पॅकेट वॅनकडे, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला, जातं.

खरा गोंधळ जुना राउटर मुख्य राउटरला जोडताना होतो. केबल त्याच्या वॅन पोर्टात लावली की दुहेरी नॅट, आणि पलीकडचा प्रिंटर दिसेनासा. आधी त्याला १९२.१६८.१.२ द्या (मुख्य राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीच्या, रेंजबाहेरचा हवा), त्याचा डीएचसीपी बंद करा, मग केबल लॅन पोर्टात. दोघांमध्ये दुसरी केबल मात्र चुकूनही नको: एसटीपी (असे वेढे ओळखून तोडणारी सोय) नसेल तर ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेली फ्रेम, गरगरत राहतो आणि अख्खं नेटवर्क ठप्प होतं.