नाचणाऱ्याला तळहाताने झाकून

म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण करायचं असलं की मी सिद्धांतांची पुस्तकं आधी उघडत नाही. आधी वही. पानावर तीन रकाने आखते: वेळ, दिसलं, ऐकलं. समासात, बघताना माझं स्वतःचं काय झालं ते टिपते. एकदा आवाज बंद करून बघायचं, एकदा डोळे मिटून नुसतं ऐकायचं, मग दोन्ही एकत्र.

अमेरिकी रॅपर चाइल्डिश गॅम्बिनोचा 'धिस इज अमेरिका' (२०१८, दिग्दर्शक हिरो मुराई) मी असाच पाहिला. सुरुवातीला फक्त नाच दिसला. मग स्क्रीनवर नाचणाऱ्यावर तळहात धरला आणि हाताच्या कडेने मागचं जग दिसायला लागलं: पळापळ, गाड्या, पांढऱ्या घोड्यावरून जाणारा, डोकं झाकलेला स्वार. इतकं सगळं समोर असून माझी नजर तिकडे गेलीच नव्हती!

इथे सिद्धांत उपयोगी पडतो. म्युझिक व्हिडिओचा अभ्यासक अँड्र्यू गुडविनने १९९२ मध्ये शब्द आणि दृश्य यांची तीन नाती सांगितली: दृश्य शब्दांचं चित्र काढतं, त्यांत भर घालतं किंवा त्यांच्याशी फटकून वागतं. पहिली गोळी सुटते तिथे माझ्या रकान्यांत असं आहे: 'ऐकलं: गिटार आणि समूहस्वर तुटले, जड बीट. दिसलं: माणूस कोसळला, बंदूक लाल कापडात अलगद घेतली, प्रेत फरफटत नेलं.' हे कापड आणि ही फरफट शब्दांत नाही, ती दृश्याने घातलेली भर आहे. शिवाय गोळीनेच गाणं बदललं असं वाटतं. एकाच क्षणी आलेला आवाज आणि दृश्य मन आपोआप जोडतं. चित्रपटातल्या ध्वनीचा अभ्यासक मिशेल शियाँ याला सिंक्रेसिस म्हणतो.

चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हीची १९७५ ची पुरुषी नजरेची मांडणी (कॅमेरा बाईला पुरुषाने बघायची वस्तू म्हणून दाखवतो) मला फार महत्त्वाची वाटते, पण या व्हिडिओत ती मी बाजूला ठेवली. सगळी अवजारं एकाच ठिकाणी चालवायची नसतात.

संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल (१९७३) मात्र हवाच. त्याचं म्हणणं असं: निर्मात्याने भरलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेतो, तडजोड करून घेतो किंवा नाकारतो. गणवेशातली मुलं गायकासोबत नाचतात. करमणूक हिंसेवर पडदा टाकते, हे सरळ वाचन. माझ्या मैत्रिणीला त्यात मुलांचा आसरा दिसला: नाचताहेत तोवर ती सुरक्षित आहेत. मी बराच वेळ त्यावर अडले, अजूनही ते मला सुंदर वाटतं. तिसरं वाचन असं की हा व्हिडिओ स्वतःच मरण विकतो, आपणही ते मजेत बघतो.

हे तिसरं मला मुळीच पटत नव्हतं. पुन्हा वही उघडली. पहिल्या गोळीच्या ओळीसमोर, समासात, माझ्याच अक्षरात होतं: 'बीट आला. मान डोलली.'